मोरवीचं सुतक

टेंभरीच्या तलावाचा बांध सहाशे दहा फूट लांब. त्यातले डावीकडचे एकशे चाळीस फूट सुलोचनाचे. कागदावर नव्हे, कागदावर सगळा बांध सरकारचा. पण दुष्काळाच्या वर्षी, बहात्तरच्या दिवाळीपासून त्र्याहत्तरच्या मृगापर्यंत, बौद्ध वस्तीतल्या तेवीस बायांच्या ज्या टोळीनं हा तुकडा डोक्यावरच्या टोपल्यांनी उभा केला, त्या टोळीची मेट, म्हणजे मुकादम, सुलोचना प्रेमदास थूल होती आणि ही गोष्ट ती कोणाला विसरू देत नसे. वीतभर मातीचा थर, वर पाणी, मग धुम्मसाचे ठोके. पुन्हा वीतभर थर. असे चाळीस थर तिनं मोजले होते. उजवीकडचा बांध पुरुषांच्या टोळ्यांचा. तो दोन पावसाळ्यांत हातभर बसला आणि त्यावर पुन्हा मुरूम टाकावा लागला. बायांचा तुकडा बोटभरही बसला नाही.

घरी पाहुणा आला की सुलोचना त्याला आधी बांध दाखवी, मग चहा ठेवी.

"आमच्या घरी बांध पाह्यल्याशिवाय पानी भेटत नाई," तिचा नवरा प्रेमदास पाहुण्यांना सांगे. तो अण्णाजी पाटलांकडे सालदार होता आणि बायकोची थट्टा करताना त्याची मान जरा ताठच व्हायची.

एकोणऐंशीच्या ऑगस्टात आठ दिवस झड लागली. निंदणाचं काम बंद पडलं. सोमवारी संध्याकाळी सुलोचना मीठ आणायला गेली आणि नत्थूजीच्या हॉटेलाच्या टिनाखाली पाऊस कमी व्हायची वाट पाहत उभी राहिली. हॉटेल म्हणजे एक भट्टी, दोन बाकं आणि फळीवर ठेवलेला रेडिओ. नत्थूजी त्या कामावर उजवीकडच्या पुरुषांच्या टोळीचा मेट होता. सात वर्षं झाली तरी दोघांचं त्यावरून जमत नव्हतं.

रेडिओवर बातम्या लागल्या होत्या. गुजरातेत मोरवी नावाच्या शहराच्या वरच्या अंगाला धरण फुटलं होतं. शनिवारी दुपारी पाणी शहरात शिरलं. मेलेल्यांचा नक्की आकडा अजून कळला नव्हता. तो हजारांत असावा.

"नत्थूजी, आवाज वाढवा."

"काऊन? तुह्ये सोयरे हाय काय तिथं?"

"वाढवा म्हनलं ना."

नत्थूजीनं आवाज वाढवला. मधलं दगडाचं काम उभंच राहिलं, दोन्ही बाजूंचे मातीचे बांध वाहून गेले, असं वाचणाऱ्यानं सांगितलं आणि तो पुढच्या बातमीकडे वळला.

"मातीचा होता," सुलोचना म्हणाली.

"मंग काय सोन्याचा रायते बांध?" बाकावरचे दोघेतिघे हसले.

"मातीचा म्हंजे बायाइनं टाकला असन."

"अवो, मोठं धरन हाय थे. तिथं मशिनी रायते. रोलर रायते."

"रोलर कोपऱ्यात जाते काय? कोपऱ्यात टोपलंच लागते."

नत्थूजीनं भट्टीत लाकूड सारलं. "पाह्यलं काय, मोरवीच्या धरनावर बी हिचा हक्क!" तो बाकाकडे बघून म्हणाला. सुलोचनाचा हात नकळत टाळूकडे गेला. आठ महिने टोपली वाहून तिथले केस गेले होते ते पुन्हा आलेच नव्हते; रुपयाएवढी जागा गुळगुळीत राहिली होती. त्या मोरवीतही अशा टाळूच्या बाया असतील, असं तिला वाटलं. पाणी आलं तेव्हा त्यांच्यातली एखादी चूल पेटवत असेल.

पावसातच ती घरी आली. मीठ शिंकाळ्यात ठेवलं, न्हाणीत गेली आणि अंगावरच्या लुगड्यानिशी दोन बादल्या पाणी डोक्यावर ओतून घेतलं. दूरच्या सोयऱ्याची मयत कानावर आली की अशी आंघोळ करायची, ही जुनी चाल. छप्पन साली दीक्षा घेतल्यापासून वस्तीनं सुतक पाळणं सोडलं होतं. सुलोचनानंही सोडलं होतं. आज तिचे हात आपोआप बादलीकडे गेले.

सासू खाटेवरून उठून बसली. "कोन गेलं?"

"मोरवीचे."

"कोन मोरवीचे? तिकडं आपली कोनी पोट्टी देल्ली नाई."

"बांधाखालचे, आत्याबाई."

बुढीला काही कळलं नाही. पण आंघोळ झाली म्हणजे कोणीतरी गेलंच, म्हणून तिनंही पदर डोक्यावर ओढून घेतला.

प्रेमदास जेवायला बसला तेव्हा सुलोचनानं त्याला भाकर वाढली, आपली घेतली नाही. मग जी गोष्ट तेवीस बायांनी सात वर्षं आपसात ठेवली होती ती तिनं नवऱ्याला सांगितली.

बांधाच्या रेषेत, तिच्याच तुकड्यात, एक पिंपळ होता. त्यावर मुंजा आहे म्हणून गावच्या एकाही टोळीनं त्याला कुऱ्हाड लावली नाही. ओवरसियरनं बाहेरगावचे दोन लाकूडतोडे आणून खोड कापून घेतलं. उरलं बुड. ते काढायलाही कोणी तयार होईना. ओवरसियर सगळ्यांना समजावत होता, की बांधाच्या पोटात मूळ राहता कामा नये. मूळ पाच-सात वर्षांत कुजतं, त्याच्या जागी नळी होते, आणि त्या नळीतून पाणी माती घेऊन बाहेर पडतं. नत्थूजी म्हणाला, आमची लेकरंबाळं आहेत, आम्ही हात लावत नाही. तेव्हा सुलोचना पाचशे माणसांसमोर पुढं झाली होती. "आमी बुद्धाचे लोक. आमाले मुंज्या-फुंज्या लागत नाई. आमी काढतो." तो क्षण तिच्या जन्मातला सगळ्यात उंच क्षण होता. प्रेमदासही तिथं होता. त्यानं तो किस्सा किती जणांना सांगितला असेल त्याची गणती नव्हती.

"तीन दिवस खंदलं," सुलोचना म्हणाली. "पुरुषभर खड्डा झाला. तिसऱ्या दिशी सकाळी पाह्यलं तं बुडाले फुटवे आल्ते. तांबूस पानं, कवळी. कांतानं एक पान हातात घेतलं. म्हने, मावशी, बुद्ध बसला थो हाच ना? मंग कोनाची टिकास उचलेच ना. दुपारलोक आमी काठावर बसून राह्यलो."

"मंग?"

"बारीक मुळं तोडले. मोठे चार ठेवले. बुजवा म्हनलं मी. सायेबानं इचारलं, काढले? मी म्हनलं, काढले."

प्रेमदासचा घास हातातच राहिला. तो म्हणाला, "सात वर्षं झाले. काई झालं नाई. गप राह्य आता."

"सात वर्षं झाले म्हनूनच म्हनतो. कुजाले तेवढेच लागते."

"गावात समजलं तं काय म्हनन लोक? बौद्धाइनं बांध सडवला म्हनन. तू मोठ्या तोंडानं बोलली होती सगळ्याइसमोर. पुऱ्या बस्तीचं नाक जाईन."

"नाक जाईन तं जाईन. मोरवीले बी कोनाले तरी माईत असन. थे बी गपच बसली असन."

प्रेमदासनं ताट सरकवलं. त्या घरात त्या दिवशी दोघं जेवली नाहीत.

सकाळी उजाडताच सुलोचना डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन बांधावर गेली. हातात पितळेचा लोटा होता. तलाव काठोकाठ होता. पाणी आणि बांधाचा माथा यांत जेमतेम तीन हात अंतर. सांडव्यावरून लाल पाणी अण्णाजींच्या वावराच्या कडेनं नाल्याकडे धावत होतं. ती मागच्या बाजूनं पायथ्याला उतरली आणि पाऊल पाऊल टाकत आपल्या तुकड्याखालून चालू लागली.

पंचावन्नाव्या पावलाला पाय घोट्यापर्यंत खाली गेला.

गवत बाजूला केलं. खाली भाकरीएवढ्या जागेत पाणी उकळी आल्यासारखं वर येत होतं आणि त्याच्या भोवती बारीक मातीचं गोल कडं जमलं होतं, मुंग्यांच्या बिळाभोवती जमतं तसं. सुलोचनानं लोटा भरला, दगडावर ठेवला आणि शेजारी उकिडवी बसली. बांध थोडा झिरपला तर भ्यायचं नाही, असं ओवरसियर सांगत असे. पाणी नितळ असेल तर ते नुसतं पाणी. गढूळ आलं, तर बांध आतून वाहत चालला. काम चालू असताना सुलोचना त्याला फार प्रश्न विचारायची, म्हणून तो तिलाच सगळं सांगायचा.

लोट्यातलं पाणी निवळायला बराच वेळ लागला. तिनं वरचं हळूच ओतून दिलं. तळाशी अर्धं बोट गाळ होता. काळा आणि मऊ. ही माती तिच्या ओळखीची होती, बांधाच्या पोटातली. तिनं दुसरा लोटा भरला. तो निवळेपर्यंत कड्याला एका बाजूनं खिंडार पडलं आणि पाण्याची धार करंगळीएवढी झाली. या वेळी गाळ बोटभर निघाला.

ती उठली. खाली दोन फर्लांगांवर वस्तीची कौलं दिसत होती, त्यापलीकडे गाव, शाळा, नत्थूजीच्या हॉटेलाचा धूर.

हॉटेलात अण्णाजी पाटील चहा पीत होते. ते सरपंचही होते. झडीमुळं आणखी दहा-बारा माणसं बाकांवर आणि खाली बसली होती. सुलोचना टिनाखाली येऊन उभी राहिली. लोटा तिनं बाकावर, अण्णाजींच्या कपाशेजारी ठेवला. एरवी तिनं असं केलं नसतं आणि एरवी कोणी करू दिलंही नसतं.

"अण्णाजी, बांध गळून राह्यला. माह्याच तुकड्यात. पान्यासंगं माती येते, हे पाहा."

अण्णाजींनी लोटा वाकडा करून बघितला. "कायच्यानं?"

"पिंपळाचे मुळं हाय आत. आमी काढले नव्हते."

भट्टीवरचं दूध उतू गेलं तरी नत्थूजी हलला नाही. मग तो हळूच म्हणाला, "काढले म्हनत होती ना तू? बुद्धाचे लोक म्हनत होती. शेवटी तू बी मुंज्याले भेलीच!"

कोणीतरी खिदळलं. सुलोचनाचे कान तापले. सात वर्षं ज्या वाक्यावर ती ताठ चालली होती ते वाक्य आता तिच्याच तोंडावर आलं होतं.

"मुंज्याले नाई भेली," ती म्हणाली. "थे झाड आमचं बी हाय. तुमच्यानं भेवानं तुटलं नाई, आमच्यानं मायेनं तुटलं नाई. पन मी खोटी बोलली. तुमी निदान खरं तरी बोलले होते, नत्थूजी. आता मले हासाचं हाय तं मागून हासा. आधी उठा."

नत्थूजीनं दुधाचं पातेलं खाली उतरवलं. सात वर्षांत तिनं त्याला पहिल्यांदाच चांगलं म्हटलं होतं.

अण्णाजींनी कोतवाल लहानूला पाटबंधारे खात्याच्या ऑफिसात वर्दी द्यायला आर्वीला पाठवलं. एसटी बंद होती. नाल्याचं पाणी उतरत नव्हतं. त्याला टेकडीच्या अंगानं सात मैल पायीच जायचं होतं. तो आज पोचला तरी साहेब उद्यापरवाशिवाय येणार नाही, हे सगळ्यांना कळत होतं.

बांधावर आल्यावर पुरुषांनी भोक बघितलं आणि एकानं लगेच पोतं मागवलं. "काळ्या मातीचे पोते भरा आन दाबा वरून. बुच मारून टाका."

"बुच मारू नका!" सुलोचना आडवी आली. "तोंड बंद केलं तं पानी दुसरीकडून फोडून निंगन. मोठं फोडन. पानी जाऊ द्याचं, माती जाऊ द्याची नाई. आधी रेती, मंग गिट्टी, मंग दगड. चहाच्या गाळनीवानी."

"तुले कोनी सांगतलं?"

"ओवरसियरनं. पायथ्याले दगडाचे थर लावले तवा तुमी बिड्या पीत होते, मी इचारत होती."

माणसं अण्णाजींकडे बघू लागली. अण्णाजींनी नत्थूजीकडे बघितलं. नत्थूजीनं त्या उकळीकडे बघितलं, वाकून हात घातला, बोटांत माती चोळली. "बाई म्हनते थे बरोबर हाय," तो म्हणाला. "पन रेती कुठी हाय? नाल्यातली तं सारी पान्याखाली."

रेती गावात एकाच ठिकाणी होती. वस्तीच्या मोकळ्या जागेत, विहाराच्या पायासाठी, उन्हाळाभर बैलगाड्यांनी वाहून आणलेली दोन ब्रास. तिच्यावर लेकरांना चढू देत नसत. पुढच्या वैशाखात पाया भरायचा होता.

सुलोचना वस्तीत गेली तेव्हा बाया आधीच दारात आल्या होत्या. बातमी तिच्या पुढं पोचली होती. कांता, जिनं ते पान हातात घेतलं होतं, आता तीन लेकरांची आई झाली होती.

"मावशी, तू सांगून टाकलं?"

"सांगतलं."

"बरं झालं माय. माह्या पोटात सात वर्षं गोटा होता." मग कांतानं रेतीच्या ढिगाकडे बघितलं. "विहाराची हाय वो थे."

"पान्यात बस्ती गेली तं विहारात कोन बसन? टोपले काढा."

तेवीसपैकी दोघी वारल्या होत्या, चौघी दुसऱ्या गावी गेल्या होत्या. सतराजणी निघाल्या. ज्यांच्याकडे तेव्हाची टोपली नव्हती त्यांनी सूप घेतलं, घमेलं घेतलं, एकीनं पाळण्याची झोळी सोडून आणली. वस्तीपासून बांधापर्यंत चिखलात त्यांनी ओळ धरली, आणि सुलोचनाला दिसलं की कोणालाही जागा सांगावी लागली नाही. जी तेव्हा जिच्यामागं होती ती आजही तिच्यामागंच उभी राहिली. गेलेल्यांच्या जागा तेवढ्या रिकाम्या होत्या. मधली अंतरं मोठी पडू लागली तशी गावातल्या काही बाया येऊन तिथं उभ्या राहिल्या. अण्णाजींची बायको शकुबाईही आली. तिनं जन्मात टोपली वाहिली नव्हती. पहिल्याच खेपेला तिची अर्धी रेती कांताच्या डोक्यावर सांडली.

"पाटलीनबाई, बांध तिकडं हाय. मी नोहो बांध!"

"चूप बस वो, शिकून राह्यली ना मी!"

ओळभर हसू गेलं आणि हात जास्त भराभर चालू लागले.

गिट्टी डांबरी सडकेच्या कडेला सरकारनं टाकून ठेवलेली होती. अण्णाजी म्हणाले, ती उचलायला लेखी परवानगी लागते. प्रेमदास म्हणाला, "पाटील, परवानगी पान्यातून वाहून आली तं घेजा," आणि मालकाचीच बैलं जुंपून तो निघाला. बारा वर्षांच्या नोकरीत तो मालकाला असं कधी बोलला नव्हता. अण्णाजींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

त्यांच्यापुढं त्यापेक्षा अवघड काम होतं. तलावाची पातळी उतरवायची तर सांडवा दोन हात खोल खणायला हवा होता, आणि सांडव्याखाली त्यांची दीड एकर कपाशीची पऱ्हाटी होती. कमरेएवढी, पात्या धरलेली. नत्थूजी आणि पुरुष टिकासा घेऊन सांडव्यावर उभे राहिले. कोणी पहिला घाव घालेना. अण्णाजी वावराकडे बघत राहिले. मग त्यांनी डोक्यावरचा पटका काढून पिळला, पुन्हा बांधला.

"पाहून काय राह्यले? फोडा."

मुरूम कडक होता. टिकाशीला ठिणगी यायची. दुपारच्या सुमाराला पाणी खणलेल्या चरात घुसलं आणि स्वतःच आपली वाट खोल करू लागलं. पऱ्हाटीच्या पहिल्या ओळी आडव्या झाल्या. अण्णाजींनी पाठ फिरवली आणि गिट्टीच्या गाडीला खांदा लावला.

खाली पायथ्याशी सुलोचना गुडघाभर चिखलात उभी होती. पडणारं प्रत्येक टोपलं तिच्या हातून जात होतं. आधी जाड रेती, उकळीच्या चारही बाजूंनी, मग वर. हात हात जाडीचा थर. पहिली वीस टोपली पाण्यानं उसवून नेली. एकविसावं टिकलं. मग ती कमरेत वाकून हातानं रेती सपाट करत राहिली. नखं फुटली, बोटांची कातडी पांढरी पडली. रेतीवर बारीक गिट्टी, तिच्यावर जाड, तिच्यावर दगड. दगड फेकू देत नव्हती. एकेक हातानं बसवून घेत होती.

"अवो मेट, काय घराची भिंत हाय काय? ठेव ना कसा बी!" नत्थूजी वरून ओरडला.

"कसा बी ठेवल्यानं उजवीकडचा बसला ना बांध!"

या वेळी नत्थूजी सगळ्यांच्या आधी हसला.

चार वाजता दगडांच्या फटीतून पाणी येत होतंच. तेवढंच, थांबलं नव्हतं. सुलोचनानं लोटा भरला आणि तो दगडावर ठेवला. पाऊस भुरभुरत होता, म्हणून शकुबाईनं लोट्यावर आपला पदर धरला. शंभर-सव्वाशे माणसं, चिखलानं ओळखू न येणारी, एका लोट्याभोवती उभी होती. पाणी निवळायला जेवढा वेळ सकाळी लागला होता तेवढा सुलोचनानं जाऊ दिला. मग वरचं ओतलं. तळाला पितळ दिसत होतं. रेतीचे चार कण, बस.

तिनं लोटा आधी नत्थूजीकडे दिला. त्यानं आत बघितलं, बोट फिरवलं आणि तो पुढच्याला दिला. लोटा हातोहात सगळ्या माणसांतून फिरून परत आला.

गुरुवारी ऑफिसातला साहेब आला. कोवळा माणूस, नुकताच लागलेला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. तलाव तोवर साडेतीन हात उतरला होता. साहेबानं दगडांखालचं पाणी काचेच्या बाटलीत घेतलं, उजेडात धरलं. मग थर मोजले. मोजता मोजता त्याचा चेहरा बदलत गेला.

"रेती, गिट्टी, दगड. बरोबर क्रमानं. हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"हे आमची मेट," नत्थूजी म्हणाला.

सुलोचना पुढं आली. साहेबानं हात जोडले. "बाई, तुम्ही गाव वाचवलं."

"थे मागून लिहा. आधी हे लिहा का पिंपळाचे मुळं काढले नव्हते. चार. जाड मांडीएवढे. दोन तलावाकडं गेले, दोन मांगं."

साहेबानं वही उघडली आणि तो थांबला. आजूबाजूला गाव उभं होतं. त्यानं आवाज खाली आणला. "मुळं राहिली असावीत, एवढं लिहिलं तरी चालेल. नाव घालायची गरज नाही."

"असावीत नाई, सायेब. राह्यली. मी ठेवली, आन काढली म्हनून खोटं सांगतलं. नाव घाला. पुरं घाला. उन्हाळ्यात तलाव आटला का बांध उकलून मुळं काढा लागन, तवा कोनाले इचारान? कुठी कुठी गेले थे मले माईत हाय."

प्रेमदास गर्दीत मागं होता. माणसं वाट देत गेली तसा तो पुढं आला आणि बायकोच्या शेजारी येऊन उभा राहिला. साहेब लिहीत होता. लिहून झाल्यावर सुलोचनानं ते वाचून दाखवायला लावलं. 'सौ. सुलोचना प्रेमदास थूल, महिला टोळीच्या मेट, यांनी स्वतः सांगितल्यावरून,' असं वाक्य सुरू होत होतं. तिनं मान हलवली. "चालते," ती म्हणाली, आणि निघाली, कारण उघाड पडली होती, अण्णाजींच्या वरच्या वावरात निंदण सुरू झालं होतं आणि अर्धा दिवस असाच गेला होता.

वावरात बाया पऱ्हाटीच्या मध्यापर्यंत पोचल्या होत्या. प्रत्येकीनं निंदत जायची आपापली पात, ओळींची पट्टी, धरली होती. सुलोचना धुऱ्यावर, वावराच्या कडेला, खुरपं शोधत उभी राहिली. आता धुऱ्यापासून एकटीनं सुरू करायचं आणि दिवस मावळेपर्यंत त्यांना गाठायचं, असं तिनं मनात धरलं होतं. पण कांताच्या शेजारची तिची पात मागं राहिली नव्हती. ती निंदलेली होती, इतरांच्या बरोबरीनं, थेट बाया बसल्या होत्या तिथपर्यंत. दोन्ही बाजूंच्या बायांनी आपापल्या पातीबरोबर तिचीही थोडी थोडी ओढत आणली होती. मधे फक्त एक माणूस बसेल एवढी जागा होती.

सुलोचना तिथं जाऊन बसली. ती निंदू लागली.

"काय लिवलं सायबानं?" कांतानं मान वर न करता विचारलं.

"जे झालं थे. मुळं ठेवले म्हनून."

"आमचे नावं लिवले काय?"

"नाई. माह्यंच."

कांताचं खुरपं थांबलं. ती ओळीकडे वळली. "आयकलं काय वो! मुळं ठेवाले तेवीसजनी, आन सरकारच्या कागदावर नाव एकटीचं!"

"असं कसं?" पलीकडून एकजण म्हणाली. "त्या खड्ड्यात मी नव्हती काय?"

"मी बी होती!"

"उद्या ऑफिसात जाजो मावशी," कांता म्हणाली, "आन आमचे बी लिहून घेजो. मेलेल्या दोघीइचे पयले लिव म्हना."